मज्जा नवी, हाडं जुनी

मावसभावाच्या बोनमॅरो ट्रान्सप्लांटला चौदा महिने झाले होते. रक्ताचे रिपोर्ट चांगले येत होते. एका सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर तो मध्येच कठडा धरून थांबला. जांघेत कळ आली होती. एक्स-रे स्वच्छ निघाला. पंधरा दिवसांनी एमआरआय केला तेव्हा कळलं, खुब्यातल्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलाय. "रक्ताचा कॅन्सर गेला ना, मग हाडाचं काय हे नवीन?" मावशीने विचारलं.

नवीन नाही. फक्त उशिरा लक्षात आलेलं आहे.

अमेरिकेत डोनल थॉमस यांनी 1957 साली सहा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा, म्हणजे बोनमॅरो, दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्यातलं कुणीच फार दिवस जगलं नाही. पुढे दात्याच्या पेशींची जुळणी जमू लागली आणि सख्ख्या भावंडांची मज्जा टिकू लागली. थॉमस यांना 1990 मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे 1983 साली परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या मुलीवर देशातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. नंतर टाटाचं हे काम त्यांच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक या केंद्रात गेलं. त्या सगळ्या काळात खरी धडपड एकच होती, रुग्ण वाचतो का. खुब्याची चौकशी कोण करणार?

स्टेरॉइड हाडं खातं हे मात्र आधीपासून ठाऊक होतं. ज्या आजारात शरीरातच ते जास्त तयार होतं त्यात हाडं ठिसूळ होतात, हे अमेरिकन डॉक्टर हार्वे कुशिंग यांनी 1932 मध्ये नोंदवलं होतं. आणि प्रत्यारोपणात दात्याच्या पेशी रुग्णाच्याच कातडीवर, आतड्यांवर उलटल्या की पहिलं औषध स्टेरॉइडच, तेही कधी महिनोन्‌महिने. जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन, त्याआधीची जोरकस केमो, काहींना अख्ख्या अंगाला रेडिएशन. त्यात बीजकोष निकामी झाले की पंचविशीतल्या मुलीची पाळी जाते आणि हाडांचं इस्ट्रोजेनचं कवच निघून जातं. हाडं बांधणाऱ्या पेशी मज्जेतूनच तयार होतात, त्यामुळे मारा तिथेही बसतो. खुब्याचा रक्तपुरवठा तुटतो तोही बरेचदा स्टेरॉइडमुळेच.

मोजायचं साधनही उशिराच आलं. साध्या एक्स-रेमध्ये झीज दिसते तोवर सुमारे तीस टक्के हाड गेलेलं असतं. हाडांची घनता मोजणारं डेक्सा मशीन 1980 च्या दशकाच्या अखेरीस आलं, हाडं ठिसूळ ठरवण्यासाठी उणे 2.5 हा टी-स्कोअर, म्हणजे तरुण हाडांशी तुलनेचा आकडा, जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये ठरवला, तोही पाळी गेलेल्या गोऱ्या बायकांच्या मोजमापांवरून. त्यानंतर प्रत्यारोपणाच्या रुग्णांची नीट मोजणी झाली आणि चित्र दिसलं: झीज मुख्यतः पहिल्या सहा ते बारा महिन्यांत होते, मणके बऱ्यापैकी सावरतात, खुबा मात्र वर्षानुवर्षं मागेच राहतो. दीर्घकाळच्या तपासण्यांच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत वर्षभरानंतरची डेक्सा आली. मला विचाराल तर वर्ष म्हणजे उशीरच.

आपल्या भागात त्यात दोन गोष्टींची भर पडते. उल्हासनगरात सिंधी वस्ती मोठी आणि त्या समाजात थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त. त्या मुलांची मज्जा रक्त बनवण्याच्या खटपटीत फुगते आणि हाड आतून पातळ करते, म्हणजे प्रत्यारोपणाला येतानाच हाडं कच्ची. दुसरी गोष्ट उन्हाची. ड जीवनसत्त्व आपल्याकडे एरवीही कमीच निघतं, त्यात ट्रान्सप्लांटवाल्याला ऊन टाळायला सांगतात, कारण उन्हाने कातडीवरचा तो पेशींचा हल्ला पुन्हा भडकू शकतो. मावशीने नाचणी सुरू केली, शंभर ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम. पण ड जीवनसत्त्वाशिवाय त्यातलं अंगी लागतं थोडंच.

भावाच्या जाड फाइलमध्ये डेक्साचा एकच रिपोर्ट आहे, त्या पुलावरच्या सकाळनंतर काढलेला. ट्रान्सप्लांटच्या आधीचा नाहीच, त्यामुळे चौदा महिन्यांत किती हाड गेलं याचा हिशेब कुणालाच लावता येत नाही.