बोअरचा चुरा आणि कोअरची कांडी

गावात बोअरची गाडी आली की पाइपाभोवती धुरळा उसळतो, आधी तांबडा, मग राखाडी. सोन्याच्या शोधातलं ड्रिलिंग लांबून तसंच दिसतं. पण ‘ड्रिलिंगमध्ये सोनं लागलं’ अशी बातमी वाचली की मी आधी बघतो, चुऱ्यात लागलं की कोअरमध्ये, म्हणजे दगडाच्या अखंड कांडीत?

चुऱ्याची पद्धत म्हणजे रिव्हर्स सर्क्युलेशन, बोलताना आरसी. ही बोअरच्या गाडीची सख्खी बहीण: हॅमर दगड फोडतो, दाबाची हवा चुरा वर आणते. पाण्याच्या बोअरमध्ये तो पाइपाच्या बाहेरून, भिंती खरवडत येतो, म्हणून वरचा-खालचा दगड एकमेकांत मिसळतो. आरसीचा पाइप दुपदरी. हवा दोन पदरांमधून खाली जाते, चुरा आतल्या नळीतून वर येतो आणि मीटरामीटराची वेगळी पिशवी भरते. काम झटपट होतं, खर्चही कमी.

डायमंड ड्रिलिंगचं बिट पोकळ, कडेला हिऱ्यांचे कण. ते गोल कापत जातं आणि मधला दगड अखंड कांडी होऊन नळीत शिरतो. हीच कोअर. एनक्यू मापाची कांडी 47.6 मिलिमीटर जाडीची. कांड्या पेटीत ओळीने लावतात, मध्ये मध्ये खोली लिहिलेले ठोकळे.

कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यातली हट्टीची सोन्याची खाण घ्या. तिथला खडकही मुळात लाव्हाच, पण 250 कोटी वर्षांहून जुना, दाबाने आणि उष्णतेने पालटलेला. (आपला सह्याद्रीचा काळा दगड जेमतेम साडेसहा कोटींचा.) सोनं शिअर झोनमधल्या (खडक एकमेकांवर घसरून चिरडलेल्या पट्ट्यांमधल्या) गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या शिरांत आणि त्यांच्या कडेच्या खडकात, टनामागे काही ग्रॅम. डोळ्यांना ते बहुधा दिसतच नाही.

इथे आरसीची बाजू भक्कम वाटते. 140 मिलिमीटरच्या भोकातून मीटरमागे चाळीसेक किलो दगड निघतो, एनक्यू कोअरचा मीटर पाच किलोचा. सोनं कणाकणाने विखुरलेलं असताना मोठा नमुना हवाच. मात्र भोकात पाणी जास्त झालं की चुरा ओला होऊन चिकटतो आणि वरचं सोनं खालच्या पिशवीत उतरतं.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. चुऱ्यात सलग 10 मीटर सोनं आलं, म्हणून शीर 10 मीटर जाड ठरत नाही. हट्टीच्या शिरा जवळजवळ उभ्या आहेत. भोक त्यांना किती तिरकं भेटलं हे चुरा सांगत नाही. कोअर सांगते. ओला फडका फिरवला की करड्या दगडातली पांढरी गार उठून दिसते, तिचा कांडीच्या अक्षाशी कोन मोजता येतो. तो 30 अंश भरला तर 10 मीटरची खरी जाडी 5 मीटर. धातुकाचा, म्हणजे सोनं असलेल्या दगडाचा अंदाज तिथेच अर्ध्यावर येतो.

म्हणून आधी आरसीने जागा हेरावी, खोलीचे आणि हिशेबाचे निर्णय कोअरवर घ्यावेत. कांडी उभी कापून अर्धी प्रयोगशाळेत जाते, उरलेली अर्धी पेटीतच राहते. वीस वर्षांनी कुणाला शंका आली, तर पेटी उघडून त्याच शिरेवर पुन्हा फडका फिरवता येतो.