बदललेला खुबा दहाच वर्षं टिकतो?

बीड-परभणीकडं कुणाचा खुबा बदलायचा ठरलं की पाहुण्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "दहा वर्षानं पुन्हा कापावं लागतंय, जमंल तेवढं ढकला." मग माणूस गोळ्या खात, काठी टेकत, सांधा पार आखडेपर्यंत ढकलत राहतो.

ही समजूत अगदीच हवेतली नाही. जुन्या सांध्यात धातूचा गोळा प्लॅस्टिकच्या वाटीत फिरायचा. वाटी झिजायची, तिच्या बारीक कणांमुळं शेजारचं हाड विरत जायचं आणि सांधा ढिला व्हायचा. 1990च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गानं टणक केलेलं प्लॅस्टिक आलं आणि झीज खूपच घटली.

पण जुन्यांचाही हिशेब दहावर थांबत नव्हता. 2019 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या: 15 वर्षांनी सुमारे 89 टक्के, 20 वर्षांनी 70 टक्के आणि 25 वर्षांनी 58 टक्के सांधे शाबूत. पंचवीस वर्षं चाललेले अर्थातच जुन्या बनावटीचे.

खरा प्रश्न वयाचा. सत्तरीत बसवलेला सांधा बहुतेकांना जन्मभर पुरतो. पस्तिशीत रक्तपुरवठा तुटून खुबा गेलेल्यानं मात्र दुसरं ऑपरेशन धरूनच चालावं. तिथं पाहुण्याचं थोडं खरं आहे. जंतुसंसर्ग, सांधा निखळणं, पडून हाड मोडणं हे कधीही होऊ शकतं, त्याला मुदत नसते.

दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढावा. ढिलेपणा पुष्कळदा दुखण्याआधी तिथं दिसतो.