बोंडअळी गांडुळाजवळची की सूत्रकृमीजवळची? : प्राण्यांच्या वर्गीकरणाची पार्श्वभूमी

रावेर-यावलच्या केळीबागांत आणि चोपडा-शिरपूरकडील कपाशीच्या काळ्या जमिनीत गांडूळ, बोंडअळी, बांधावरची गोगलगाय आणि मुळांत शिरणारे दोऱ्यासारखे बारीक सूत्रकृमी हे चार जीव शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहेत. यांपैकी कोण कोणाच्या जवळचा, या प्रश्नाचे उत्तर मात्र गेल्या पावणेतीनशे वर्षांत वारंवार बदलले. वर्गीकरण ही नुसती नावांची यादी न राहता वंशेतिहासाचा शोध कसा बनले, हे त्या बदलांतून नीट कळते.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांचे सहा वर्ग मांडले. त्यांत पतंगांना (बोंडअळी ही पतंगाचीच अळी) कीटकवर्गात जागा मिळाली, तर गांडूळ, गोगलगाय आणि जंत यांना ‘व्हर्मिस’ या वर्गात एकत्र टाकण्यात आले. हा वर्ग खरे तर इतरत्र न बसणाऱ्या जीवांचा होता. प्रत्येक जीवाला आधी प्रजातीचे आणि मग जातीचे अशी दोन नावे देण्याची लिनियसची द्विनाम पद्धत मात्र भक्कम ठरली. गुलाबी बोंडअळीचे वर्णन सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये भारतातील कपाशीवरच्या नमुन्यांवरून केले. तेव्हा दिलेले ‘गॉसिपिएला’ हे जातिनाम आजही कायम आहे, प्रजातिनाम मात्र १९१७ पासून ‘पेक्टिनोफोरा’ झाले आहे.

बाह्य रूपाऐवजी शरीराच्या आतल्या आराखड्याला महत्त्व दिले ते फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिएने. १८१७ मध्ये त्याने प्राणिसृष्टीच्या चार शाखा केल्या आणि गांडूळ व कीटक या दोघांचेही शरीर खंडांचे बनलेले असल्याने त्यांना एका शाखेत, तर गोगलगायीला मृदुकाय प्राण्यांत ठेवले. या चार आराखड्यांना जोडणारा दुवा असूच शकत नाही, असे त्याचे ठाम मत होते. त्याचा सहकारी जॉफ्रॉय सेंट-हिलेर याने १८२२ मध्ये याच्या उलट विचार मांडला. कीटकांसारख्या प्राण्यांत मज्जारज्जू पोटाकडे आणि हृदय पाठीकडे असते. त्यांना उताणे केले की तीच मांडणी पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसारखी दिसते, असे त्याचे म्हणणे होते. १८३० च्या पॅरिसमधील जाहीर वादात क्यूव्हिएची सरशी झाली, असे सामान्यतः मानले जाते. तरीही पाठ-पोट ठरवणारी जनुके दोन्ही गटांत एकच असून त्यांची दिशा उलटी आहे, हे १९९० च्या दशकात सिद्ध झाले आणि जॉफ्रॉयच्या कल्पनेला दीड शतकानंतर आधार मिळाला. डार्विनच्या १८५९ मधील ग्रंथाने अशा साम्यांचे कारण समान पूर्वज हे असल्याचे दाखवले होतेच.

हे आराखडे बदलतात कसे, याचे उत्तर अळीच्या पायांत सापडते. बोंडअळी उलटी करून पाहिली, तर छातीवर खऱ्या पायांच्या तीन जोड्या दिसतात, आणि मागे पोटाच्या तिसऱ्या ते सहाव्या व शेवटच्या खंडावर मांसल, आकडेदार पायांच्या पाच जोड्या. सोयाबीनवरील उंट अळीत या पाचांपैकी पुढच्या दोन जोड्या नसतात किंवा खुरटलेल्या असतात, म्हणूनच ती पाठीची कमान करत चालते. कोणत्या खंडावर काय उगवावे हे हॉक्स जनुके ठरवतात. एडवर्ड लुईस यांनी फळमाशीत या जनुकांची मांडणी १९७८ मध्ये स्पष्ट केली आणि त्या कार्यासाठी त्यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एरवी ही जनुके कीटकाच्या पोटावर पाय उगवू देत नाहीत. परंतु अळीच्या भ्रूणात पोटाच्या ठरावीक जागी ती बंद होतात आणि तेथे पाय फुटतात, असे १९९४ मध्ये फुलपाखरांच्या अभ्यासातून दिसून आले. नवा अवयव घडण्यासाठी नवे जनुक लागतेच असे नाही, जुन्याची जागा व वेळ बदलली तरी पुरते. मला या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

सर्वांत मोठी उलथापालथ १९९७ मध्ये झाली. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या जनुकांची तुलना केल्यावर कीटक गांडुळापासून दूर गेले आणि कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या ‘एक्डायसोझोआ’ या गटात सूत्रकृमींबरोबर आले. गांडूळ गोगलगायीच्या गटात गेले. म्हणजे बोंडअळीचा जवळचा नातलग तिच्यासारखेच खंडमय शरीर असलेले गांडूळ नसून केळीच्या मुळांतला, खंड नसलेला सूत्रकृमी आहे. गांडूळ आणि कीटक यांच्यात खंडरचना स्वतंत्रपणे दोनदा उद्भवली, की अतिप्राचीन समान पूर्वजाकडून आलेली ती रचना सूत्रकृमी आणि गोगलगायींनी गमावली, यावर संशोधकांमध्ये अजूनही मतभेद आहेत.