पिल्लू तळपायांनी शिकतं

आमची कुत्री चिकू, तिला पहिल्यांदा सोसायटीच्या बागेत नेलं, तेव्हा ती चार महिन्यांची होती. लसींचे सगळे डोस पूर्ण होईपर्यंत डॉक्टरांनी तिला खाली सोडायला मनाई केली होती. चाळीस मिनिटं ती हिरवळीवर हुंगत फिरली, वाळकी पानं चावली, दोनदा गोल गोल फिरून बसल्यासारखंही केलं. शू मात्र नाही. शेवटी कंटाळून लिफ्टनं वर आलो. दार उघडताच ती तडक बाल्कनीत धावली आणि तिथल्या वर्तमानपत्रावर बसली. ती शू संपता संपेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, खाली लाजली की काय ती?"

लाजली नव्हती. शू करायची जागा म्हणजे पायाखाली कागद, हे दोन महिने आम्हीच तिला शिकवलं होतं. बागेत तो कागद तिला सापडत नव्हता, एवढंच.

कुत्र्याच्या पिल्लाला 'घर' आणि 'बाहेर' असा फरक उपजत कळत नाही. त्याला कळतं ते पायाखालचं: मऊ की कडक, कोरडं की ओलं, आणि त्याला वास कसला येतो. आपण कपाळाला हात लावतो ते बहुतेक घोळ इथेच सुरू होतात. हे नीट समजायचं तर पार जन्मापासून बघावं लागतं.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला स्वतःहून शू किंवा शी करता येत नाही. आई त्याच्या पोटाखाली आणि शेपटीखाली चाटते, त्या स्पर्शानं मज्जारज्जूतली प्रतिक्षिप्त क्रिया चालू होते आणि मूत्राशय रिकामं होतं. जे बाहेर येतं ते आई चाटून टाकते, म्हणून बाळंतीण कुत्रीची जागा बघावी तर स्वच्छ असते. आईविना पिल्लं वाढवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. दर वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस फिरवावा लागतो. नुसतं दूध पाजून पिल्लू जगत नाही.

साधारण तिसऱ्या आठवड्यात सूत्रं मेंदूकडे जायला लागतात. मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात, मूत्राशयाचं नियंत्रण करणारं एक केंद्र असतं. बॅरिंग्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी 1920 च्या दशकात मांजरांवर प्रयोग करून ते शोधलं. याच सुमारास पिल्लाच्या पायांत बळ येतं आणि ते झोपायची जागा सोडून थोडं दूर जाऊन शू करू लागतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि 1965 मध्ये तो पुस्तकरूपानं मांडला. त्यांना दिसलं, की साडेआठ आठवड्यांच्या आसपास पिल्लं ठरावीक जागाच वापरायला लागतात.

भारतात 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणजे पिल्लाची जागेची सवय पक्की होत असते, नेमकं तेव्हाच ते आपल्या घरी येतं. म्हणून पिल्लू आणताना आई-वडील बघा, लसीचं कार्ड बघा, पण तिथली जमीनही बघा. अरुंद पिंजऱ्यात, स्वतःच्याच घाणीत झोपावं लागलेल्या पिल्लाची उपजत स्वच्छता मोडते, आणि ती परत बसवायला फार धीर लागतो. फरशीवर वाढलेलं पिल्लू फरशीच शोधणार. पायपुसण्यावर सोकावलेलं पिल्लू सतरंजीही सोडणार नाही.

वेळेचं गणित त्या मानानं सोपं. जितक्या महिन्यांचं पिल्लू, तितके तास, फार तर एखादा जास्त, एवढाच वेळ ते दिवसा धरू शकतं. शिवाय झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर त्याला न्यायचंच. पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. आपल्यालाही सकाळचा चहा झाला की जावंसं वाटतं, त्यामागचं कारण हेच.

जागेवर शू झाली की शाबासकी द्यायची, पण तिथल्या तिथे. घरात येऊन डबा उघडून खाऊ दिलात, तर पिल्लाच्या लेखी ते बक्षीस घरात आल्याचं असतं. खाऊ खिशात ठेवा आणि शू संपता क्षणीच द्या.

रागावण्याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं, कारण अजूनही कितीतरी घरांत पिल्लाचं नाक त्याच्याच शूमध्ये घासतात. "बघा, त्याला कळतंय, कसा अपराधी चेहरा केलाय!" असंही वर म्हणतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनं 2009 मध्ये 14 कुत्र्यांवर हेच तपासलं. मना केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा दिसायचा. उलट, काहीच न केलेल्या कुत्र्यांना बोलणी बसली तेव्हा तो जास्त दिसला. कान पाडणं, नजर चुकवणं ही भीती आहे. अशा पिल्लाला एकच धडा मिळतो: माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि बागेत तुम्ही साखळी धरून उभे असलात की करतच नाही.

घरात झालीच तर न बोलता पुसा, पण नीट पुसा. आपल्या नाकात वास घेणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींहून अधिक. फिनेलच्या वासानं आपलं समाधान होतं, त्याखालचा जुना वास त्याला येतच राहतो. अमोनिया असलेलं क्लीनर तर नकोच, कारण शू कुजल्यावरही अमोनियाच तयार होतो. प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते शूमधले वासाचे घटकच मोडतं.

डोस पूर्ण होण्याआधी पिल्लाला खाली न सोडण्याचा सल्ला योग्यच आहे. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. पण तेवढ्यासाठी कागदाची सवय लावायची गरज नव्हती, हे मला उशिरा कळलं. पसरट ट्रेमध्ये नर्सरीतून आणलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा हिरवळीचा तुकडा बाल्कनीत ठेवला असता, तर चिकूचे पाय पुढे बागेत गोंधळले नसते.

मग आम्ही उलटा प्रवास केला. तिच्या शूचा वास असलेला कागद बागेत नेऊन मातीवर अंथरला, चार कोपऱ्यांवर खडे ठेवले. पहिल्याच सकाळी तिनं तो हुंगला आणि बसली. रोज कागद थोडा फाडून लहान करत गेलो. नवव्या दिवशी पोस्टकार्डाएवढा तुकडा उरला होता. चिकूनं तो हुंगला, एक गिरकी घेतली, आणि त्याच्या शेजारी, ओल्या मातीवर बसली. माझा हात खिशातल्या खाऊकडे गेलेलाच होता.