शिसे, पारा, सोमल : मुलांसाठीची ‘सुरक्षित’ मर्यादा खाली कशी येत गेली

लहान मुलांच्या रक्तातलं शिसे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत एक डेसिलिटर, म्हणजे १०० मिलिलिटर, रक्तात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे सापडलं तरी डॉक्टर निर्धास्त असत. पुढे हा आकडा ४०, ३०, २५, १०, ५ असा उतरत २०२१ मध्ये ३.५ वर आला. या काळात शिसे काही अधिक विषारी झालं नाही. बदललं ते एवढंच, की कशाला इजा म्हणायचं.

शिशाची बाधा हा पूर्वी रंगाऱ्यांचा, ओतारी कामगारांचा आजार समजला जाई. १८९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या डॉक्टरांकडे झटके येणारी, हातपाय लुळे पडलेली मुलं येऊ लागली. ही मुलं कारखान्यात थोडीच जात होती? १९०४ मध्ये नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी बोट दाखवलं ते घराच्या व्हरांड्याकडे. कठड्यांना दिलेल्या शिसेयुक्त रंगाची उन्हाने भुकटी होते, ती हातांना चिकटते आणि हात तोंडात जातात. त्यांच्यावर चटकन कुणी विश्वास ठेवला नाही. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडमध्ये मुलांचे हात पोहोचतील अशा ठिकाणी हा रंग लावायला बंदी आली ती १९२२ मध्ये. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर बंदी यायला १९७८ उजाडलं.

पाऱ्याची गोष्ट जास्त बोचरी आहे, कारण तो औषध म्हणून पोटात गेला. दात येताना बाळ किरकिरतं म्हणून दिल्या जाणाऱ्या पुडीत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं क्लोराइड असे. काही बाळांचे तळहात-तळपाय लालगुलाबी होऊन सुजत, उजेड सहन होत नसे, घामाने अंग भिजे, स्नायू ढिले पडत. याला ‘गुलाबी आजार’ म्हणत. कारण कुणी जंतूंत शोधलं, कुणी आहारात. पुडी घेतलेल्या बहुसंख्य बाळांना काहीच होत नसे, त्यामुळे तिच्यावर संशय जाईना. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीत डॉक्टर जोसेफ वॉर्कनी आणि डोनाल्ड हबार्ड यांना अशा बाळांच्या लघवीत पारा सापडला. १९५० च्या दशकात या पुड्या बाजारातून गेल्या आणि पाठोपाठ आजारही जवळजवळ नाहीसा झाला.

आजार ओसरला की मूल बरं झालं, हा समजही तसाच चिवट. बोस्टनमध्ये रँडॉल्फ बायर्स आणि एलिझाबेथ लॉर्ड यांनी शिशाच्या बाधेतून ‘बऱ्या’ झालेल्या २० मुलांचा पुढे माग ठेवला. १९४३ मधला त्यांचा निष्कर्ष होता की त्यांतली १९ शाळेत नीट टिकू शकली नव्हती. जपानमध्येही तेच घडलं. १९५५ मध्ये मोरिनागा कंपनीच्या दूध पावडरीत घातलेल्या फॉस्फेटमधून आर्सेनिक, म्हणजेच सोमल, गेलं. १२ हजारांहून अधिक बाळांना बाधा झाली, शंभरावर दगावली. वर्षभरात उरलेली बहुतेक बरी झाल्याचं सांगण्यात आलं. १९६९ मध्ये, त्या मुलांच्या घरी जाऊन केलेल्या पाहणीनंतर, त्यांना जडलेली कायमची दुखणी उजेडात आली.

गर्भातलं बाळ तरी वारेमुळे (प्लॅसेंटामुळे) सुरक्षित असतं, असं मानलं जाई. जपानमधल्या मिनामाताच्या खाडीतल्या माशांतून आलेल्या मिथाइल पाऱ्याने, म्हणजे पाऱ्याच्या एका सेंद्रिय संयुगाने, ते खोटं ठरवलं. आईला फारसा त्रास नाही आणि बाळ मात्र मेंदूला जबर इजा घेऊन जन्मलेलं, अशी उदाहरणं तिथे समोर आली. जपानी घरांत वाळवून जपलेल्या नाळा डॉक्टर मासाझुमी हाराडा आणि सहकाऱ्यांनी नंतर तपासल्या. जन्माच्या वेळचा पारा त्यांत टिकून होता.

सगळ्यात मोठं वळण १९७९ चं. अमेरिकी डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या दोन गावांतल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवले. रक्तातलं शिसे काही आठवड्यांत उतरतं; दातात ते साठून राहतं. या मुलांपैकी कुणालाच विषबाधेची लक्षणं नव्हती, तरीही दातांत जास्त शिसे असलेल्यांचा बुद्ध्यंक कमी आणि वर्गातलं लक्ष उणं निघालं. नीडलमन यांच्यावर पुढे आकडे फिरवल्याचे आरोप झाले. चौकशीत ते निर्दोष ठरले. शिसेयुक्त पेट्रोलवर जगणाऱ्या उद्योगाला त्यांचे दात किती बोचले असतील, याची कल्पना करता येते.

मुलांवरच हा घाव जास्त का बसतो, याचं कारण शरीरात आहे. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार-पाचपट वाटा लहान मूल शोषून घेऊ शकतं. लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी. कॅल्शियमच्या वाटेनेच ते मेंदूत शिरतं, हाडांत साठतं, आणि पुढे गरोदरपणात आईच्या हाडांतून सुटून पुढच्या पिढीत उतरतं.

आता लक्ष बाळांच्या तयार खाण्याकडे वळलं आहे. पाण्याने भरलेल्या शेतात मातीतलं आर्सेनिक विरघळतं आणि भात ते सहज उचलतो, म्हणून युरोपीय संघाने २०१६ पासून बाळांच्या खाण्यासाठीच्या तांदळाला अजैविक आर्सेनिकची मर्यादा घातली : अब्ज भागांत १००. अमेरिकेने २०२० मध्ये बाळांच्या तांदळाच्या पिठासाठी तोच आकडा घेतला. सुरुवातीचा ३.५ मात्र वेगळ्या जातीचा आहे. अमेरिकेतल्या लहान मुलांपैकी ज्यांच्या रक्तात सर्वाधिक शिसे आहे, त्या अडीच टक्क्यांना वेगळं काढणारी ती रेघ आहे. तिच्याखाली शिसे निरुपद्रवी आहे असा दावा ती ठरवणाऱ्यांनीही केलेला नाही.