उसाच्या मुळांवरची वस्ती

सांगलीतल्या वाळवा-पलूसकडच्या काळ्या रानात उसाची आडसाली (पावसाळ्यातली) लावण होऊन दोन आठवडे झाले की एखादी टिपरी, म्हणजे लावलेला उसाचा तुकडा, हलक्या हाताने उकरून बघावी. कोंभाला अजून स्वतःची मुळं नसतात. पेऱ्यावर ठिपक्यांचं जे कडं असतं, त्यातून बारीक, फाटेदार मुळं सुटलेली दिसतात. पुढे कोंभाच्या बुडातून जाड, पांढरी मुळं येतात आणि दोन-तीन महिन्यांत टिपरीची मुळं कुजू लागतात. एकाच सरीत कोवळं आणि कुजकं मूळ शेजारी-शेजारी, आणि दोन्हींवरचे सूक्ष्मजीव निराळे.

पांढऱ्या मुळाचं टोक जवळजवळ निर्जंतुक असतं. बुळबुळीत चीक सोडत ते इतक्या वेगाने पुढे सरकतं, की जिवाणूंना तिथे जम बसवता येत नाही. गर्दी होते ती टोकाच्या जरा मागे. तिथे मूळ साखर, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं मातीत सोडतं. पानांनी उन्हात केलेल्या कमाईचा बराच वाटा असा खाली जातो. त्यावर भराभर वाढणारे जिवाणू जमतात, तेही पेशींच्या सांध्यांतल्या खाचांत. बाकी पृष्ठभाग बराचसा मोकळाच. मुळालगतच्या या काही मिलिमीटर मातीला जर्मन शास्त्रज्ञ लोरेंझ हिल्टनर यांनी 1904 साली ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिलं.

फाटा फुटताना तो मुळाच्या आतून साल फाडून बाहेर येतो. ती भेग म्हणजे उघडं दारच. ब्राझीलमध्ये उसात सापडलेला आणि 1988 साली जगापुढे आलेला, हवेतला नत्र बांधणारा जिवाणू अशा भेगांतून आत शिरतो. आपल्याकडे तो ‘अ‍ॅसिटोबॅक्टर’ म्हणून मिळतो. बेण्याच्या टिपऱ्यांना आधी बुरशीनाशक लावून, त्या सुकवून, मग या जिवाणूच्या द्रावणात अर्धा तास बुडवतात. उलटं केलं तर जिवाणूंवरचा खर्च मातीतच.

मूळ जून झालं की साल मरते, साखर आटते. उरतं सेल्युलोज आणि लिग्निन, म्हणजे मुळाचा चिवट, लाकडासारखा भाग. हे पचवणं त्या भराभर वाढणाऱ्या जिवाणूंचं काम नाही. तिथे बुरशी येते, ओल्या मातीला वास देणारे अ‍ॅक्टिनोमायसीट्स नावाचे जिवाणू येतात. या अन्नात कर्ब भरपूर, नत्र तुटपुंजा. मग ही मंडळी मातीतला नत्र उचलतात आणि पिकाला तात्पुरता कमी पडतो. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा वाढणाऱ्या उसात, पाचटाच्या (वाळल्या पाल्याच्या) कुट्टीवर युरिया टाकायला सांगतात तो याचसाठी. तरी पाचट पेटवून देणारे अजून आहेतच, आणि त्या जाळात नत्रही जातो.

तोडणीनंतर जुनी मुळं हळूहळू मरतात आणि नवे फुटवे आपापली मुळं सोडतात. बगला फोडताना, म्हणजे सरीच्या वरंब्यांच्या कडा नांगराने मोडताना, जुनी तुटतात, नव्यांना जागा होते. पण मेलेल्या मुळांवर सगळेच उपकारी जमत नाहीत. मुळं कुजवणाऱ्या पिथियमसारखे रोगकारकही तिथे तग धरतात आणि पुढच्या कोवळ्या मुळांना धरतात. ऊस काढून हरभऱ्याचा बेवड (पीकपालट) केला की त्या रोगकारकांना उसाचं मूळ मिळत नाही, आणि हरभऱ्याच्या गाठी कुजताना थोडा नत्रही रानात राहतो.