गुडघ्यांना सुटी, कमरेला काम: खान्देशच्या पाण्यावर कयाक

पळताना पाऊल जमिनीवर आदळतं तेव्हा जमीनही तितक्याच जोराने पायाला वर ढकलते. साध्या जॉगिंगमध्ये हा जोर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भरतो. 70 किलोच्या माणसाच्या पायावर दर पावलाला 140 ते 210 किलोइतका भार येतो, आणि किलोमीटरभरात अशी हजारेक पावलं पडतात. निरोगी गुडघा हे सोसतो, त्याने बळकटही होतो. पण कूर्चा झिजलेली असेल, वजन वाढलेलं असेल किंवा टाच दुखत असेल, तर डॉक्टर पळणं बंद करायला सांगतात आणि पोहणं, सायकल सुचवतात. त्या यादीत कयाकही बसते. बसून वल्हवायच्या या अरुंद होडीत शरीराचं वजन पाणी उचलून धरतं आणि पायांवर आदळआपट शून्य असते.

व्यायाम म्हणून ती हलकी मात्र नाही. शांत बसल्यावर शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण 1 किलोकॅलरी खर्च करतं. मध्यम गतीने कयाक वल्हवताना हा खर्च पाचपट होतो, म्हणजे 70 किलोच्या माणसाला तासाला सुमारे 350 किलोकॅलरी. सपाटीवर ताशी 5 किलोमीटरने चालण्याच्या मानाने हे जवळपास दीडपट आहे. पायांत ताकद नसली तरी हा खेळ किती वरपर्यंत नेता येतो, हे मध्य प्रदेशच्या प्राची यादव यांनी दाखवून दिलं. 2023 साली हांगझोऊला झालेल्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी कयाकमध्ये सुवर्णपदक मिळवलं.

आता मुख्य गोष्ट. गुडघ्यावरचा भार नाहीसा झाला, तरी काम कुठेतरी व्हायलाच हवं. मिनिटाला 50 फटके धरले तर तासाला 3000 होतात. हे सगळे फटके नुसत्या दंडाने मारले, तर गुडघ्याचं दुखणं खांद्यावर आणि मनगटावर जातं. पोट, पाठ आणि कंबरेच्या मोठ्या स्नायूंनी मारले, तरच सांध्यांना सोपा असा हा व्यायाम ठरतो. जात्यावर दळणारी बाई नुसता हात फिरवत नाही, कमरेपासून हलते, म्हणून तासभर दळू शकते. वल्हवणंही तसंच आहे.

एक फटका सावकाश पाहू. उजवीकडचा फटका मारायचा तर कमरेच्या वरचं धड डावीकडे वळवा. त्यामुळे उजवा खांदा आणि उजवा हात आपोआप पुढे जातो. वल्ह्याचं पातं उजव्या पायाच्या पंजाजवळ पाण्यात पूर्ण बुडवा, आणि ते बुडल्याशिवाय ओढू नका. अर्धवट बुडालेलं पातं हवा खेचतं, बुडबुडे काढतं आणि पुढे ढकलत काहीच नाही. पातं रुतलं की धड उजवीकडे उलगडा, हात जवळजवळ सरळच राहू द्या. त्याच वेळी उजव्या पायाने समोरचं पायटेकण दाबा. पातं कमरेच्या रेषेला आलं की लगेच बाजूने वर काढा. त्यापुढे ओढलेलं पातं पाणी वर उचलतं, होडीची शेपटी खाली दाबतं आणि नाक दुसऱ्या बाजूला वळवतं. ‘माझी होडी सरळ जातच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या नवख्यांपैकी बहुतेकांचा फटका कमरेच्या मागे रेंगाळत असतो.

पायटेकणाकडे लोक फार दुर्लक्ष करतात. पाय त्यावर टेकलेले आणि गुडघे किंचित वाकलेले असले, तरच कमरेतून निघालेला जोर होडीपर्यंत पोहोचतो. पाय लांब सोडून बसलं की मांडीमागच्या ताठ शिरा कंबर मागे खेचतात, पाठ पोक काढते, मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब वाढतो आणि अर्ध्या तासात पाय बधिर होतात. सीटच्या पाठीला रेलून वल्हवणंही त्यासाठीच टाळावं, ती पाठ फक्त विसाव्यापुरती असते.

वल्ह्याची पकड ठरवायला ते आडवं डोक्यावर टेकवा आणि दोन्ही कोपरं काटकोनात येतील असे हात ठेवा. पकड सैल हवी, ओढताना बोटांनी आकडा केला तरी पुरतं. मूठ आवळून धरली की अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतात आणि मनगटाच्या शिरांच्या आवरणाला सूज येते. बहुतेक वल्ह्यांची दोन पाती एकमेकांशी कोन करून बसवता येतात, त्यामुळे वाऱ्याचा विरोध कमी होतो. पण मग दर फटक्याला मनगट पिळावं लागतं, म्हणून सुरुवातीला कोन शून्य ठेवावा. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे आणि लांब कडा वर. उलटं धरलेलं वल्हं पाण्यात फडफडतं. खांद्यासाठी एकच नियम कडक पाळावा: हात कधी डोक्याच्या वर किंवा धडाच्या मागे जाऊ द्यायचा नाही. खांदा निखळण्याची सगळ्यात सोपी स्थिती तीच आहे. मागचं काही घ्यायचं असेल तर आधी धड वळवा, मग हात.

होडी घेताना रुंदी आणि लांबी यांचा मेळ समजून घ्यावा. रुंद होडी कलली की बुडालेल्या बाजूला पाण्याची उचल झपाट्याने वाढते आणि ती परत सरळ होते, म्हणून नवख्याला 70 ते 80 सेंटिमीटर रुंदीची होडी बरी. लांब होडी त्याच कष्टात जास्त पळते. पण व्यायामाला वेगाची घाई नाही, आणि त्यामागे गणित आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो, तर लागणारी शक्ती घनाने. ताशी 4 वरून 5 किलोमीटरवर जायला जवळपास दुप्पट शक्ती लागते. त्यामुळे नाडी चढवायची असेल तर अगदी थोडा वेग वाढवून भागतं, आणि दम लागला तर थोडा कमी करूनही. ट्रेडमिलच्या चढापेक्षा हे नियंत्रण जास्त बारीक आहे.

पहिल्यांदा वर उघडी असलेली, आत पाणी न साठणारी 9 ते 10 फुटी प्लॅस्टिकची कयाक घ्यावी. ती उलटली तरी माणूस अडकत नाही. तिचं वजन 20 ते 25 किलो असतं आणि गाडीच्या टपावरून ती एकट्याने उतरवताना कंबर धरते, म्हणून दोघांनी उचलावी. अशा रुंद होडीला 230 सेंटिमीटरच्या आसपासचं वल्हं लागतं. आखूड वल्ह्याने हात सारखे काठाला घासतात.

फुगवायची कयाक पिशवीत मावते, म्हणून अनेकांना ती सोयीची वाटते. खान्देशात मात्र तिचे दोन शत्रू आहेत: काठावरच्या बाभळीचे काटे आणि ऊन. काट्यांसाठी जाड ताडपत्री अंथरावी आणि डागडुजीचा डबा जवळ ठेवावा. उन्हाचं शास्त्र असं की बंद हवेचा एकूण दाब (बाहेरच्या हवेचा दाब धरून) तिच्या निरपेक्ष, म्हणजे उणे 273 अंशापासून मोजलेल्या, तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी 25 अंशाला 2 पीएसआय (दर चौरस इंचाला 2 पौंड) दाबाने भरलेली नळी काठावर उन्हात 50 अंशापर्यंत तापली, तर कातडं अजिबात ताणलं नाही असं धरल्यास मापकावर दाब साडेतीनच्या घरात जातो. कातडं थोडं ताणतं म्हणून प्रत्यक्षात वाढ जरा कमी, पण शिवण उसवायला ती पुरते. एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळकडे सावलीतला पाराच 43-44 वर जातो, मग उघड्यावरचं गडद प्लॅस्टिक किती तापत असेल ते सांगायला नको. पाण्यातून काढली की आधी हवा थोडी सोडा, मग चहा प्या. उलट बाजूही लक्षात ठेवा: काठावर तापलेली नळी पाण्यात उतरताच गार होऊन मऊ पडते, तेव्हा पाच मिनिटांनी दाब पुन्हा तपासावा.

पाणी कुठे आहे? तापीवर हतनूर धरणाचा फुगवटा पूर्णेच्या संगमाकडे, चांगदेवपर्यंत पसरतो. खाली सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा या बॅरेजांमुळे पावसाळ्यानंतर नदीत शांत पाणी उभं राहतं. जळगावजवळ वाघूर धरण, शहरातच मेहरूण तलाव. धुळ्याचे नकाणे आणि डेडरगाव हे पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत. कुठेही उतरण्याआधी ज्याच्या ताब्यात पाणी आहे त्या खात्याची किंवा पालिकेची परवानगी घ्यावी, आणि मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींना विचारावं. जाळी कुठे लावली आहेत, बुडालेले खुंट आणि विहिरी कुठे आहेत हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. हतनूरला हिवाळ्यात पाहुणे पक्षी मोठ्या संख्येने उतरतात. थव्याने माना वर केल्या की आपण जास्त जवळ गेलो असं समजून वळावं, कारण उडायला लावलेला प्रत्येक थवा त्याने साठवलेली चरबी वाया घालवतो.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चपासून पुढे सूर्योदयाला उतरून नऊच्या आत बाहेर यावं, आणि तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी प्यावं. कोरड्या हवेत घाम दिसण्याआधीच सुकतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. उन्हाळ्यात धरण उतरतं तेव्हा काठाला काळ्या मातीचा गाळ उघडा पडतो. त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, म्हणून दगडी किंवा मुरमाड उताराचीच जागा निवडावी.

पहाटेचं पाणी आरशासारखं असतं त्यालाही कारण आहे. रात्री जमीन निवते, तिच्याजवळची थंड जड हवा खाली बसून राहते आणि वरचा वारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. दहाच्या सुमाराला जमीन तापली की हवा वरखाली घुसळू लागते आणि वरचा वारा खाली उतरतो. तापी पूर्व-पश्चिम वाहते, म्हणून पश्चिमेचा वारा सुटला की त्याला फुगवट्याची सगळी लांबी मोकळी मिळते आणि लाटा वाढत जातात. अशा वेळी कयाकचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं. चालत्या होडीचं नाक न हललेल्या पाण्यात घट्ट धरलेलं असतं, शेपटीमागचं पाणी मात्र आधीच ढवळलेलं, म्हणून वारा शेपटीला ढकलून नेतो. नाक पुन्हा वळवायला वाऱ्याकडच्या बाजूने लांब अर्धवर्तुळाकार फटका मारावा. आणि जाताना नेहमी वाऱ्याविरुद्ध जावं, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी येतो.

पावसाळ्यात नदीत उतरूच नये. हतनूरला 41 दरवाजे आहेत आणि सातपुड्यात पाऊस झाला की इथे ऊन असताना विसर्ग वाढतो. हिवाळ्यातही गिरणेच्या पात्रात धरणातून पाण्याचं आवर्तन सुटतं, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करावी. सर्वांत फसवे म्हणजे छोटे बंधारे. पांझरेवरचे जुने फड बंधारे किंवा कोल्हापूर पद्धतीचे बंधारे कमरेएवढे दिसतात. पण वरून पाणी कोसळत असेल तर पायथ्याशी ते तळाला जाऊन पुन्हा वर येतं आणि पृष्ठभागावरून उलटं भिंतीकडे धावतं. या आडव्या भोवऱ्यात होडी, लाकूड, माणूस सगळं गोल फिरत राहतं. त्या पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे तरंगवण्याची शक्तीही कमी होते आणि पट्टीचे पोहणारेसुद्धा सुटत नाहीत. वरच्या बाजूने बंधारा नुसत्या एका सरळ रेषेसारखा दिसतो. म्हणून आधी काठाने चालून पाहावं, आणि वाहत्या बंधाऱ्याच्या आसपासही फिरकू नये.

लाइफ जॅकेट काठावरून निघण्याआधीच बांधायचं. मानवी शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने डोकं वर ठेवायला बहुतेक प्रौढांना 3 ते 5 किलोचीच उचल पुरते. शिक्क्यावर 50 न्यूटन (10 न्यूटन म्हणजे साधारण 1 किलोची उचल) असेल तर ते पोहता येणाऱ्यांसाठी, न येणाऱ्याने 100 न्यूटनचं घ्यावं. पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने खांद्यांना धरून वर ओढून पाहावं. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे.

पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम पडून परत चढायचा सराव करा. होडी सरळ करा, तिच्या मध्याजवळ बाजूला पाण्यात उभे राहा, एक हात जवळच्या काठावर आणि एक पलीकडच्या. आता होडी खाली दाबायचा मोह होतो, ती मग अंगावर उलटते. त्याऐवजी पाय मागे झाडत शरीर पाण्यावर आडवं तरंगवा, पोट होडीवर सरकवा, मग कुशीवर वळून बूड सीटमध्ये टाका आणि शेवटी पाय आत घ्या. हे उथळ पाण्यात सलग तीनदा जमेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नये, आणि एकट्याने तर नाहीच.

सुरुवात अर्ध्या तासाची, आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस विश्रांती. महिन्याभरात एका तासावर यावं. बोलता येतं पण गाता येत नाही, एवढा दम योग्य. दुसऱ्या दिवशी पोटाच्या बाजू आणि पाठीचा वरचा भाग दुखत असेल तर फटका बरोबर बसतो आहे. दंडाचा पुढचा भाग किंवा मनगट दुखत असेल तर धड फिरत नाही. खांद्यात टोचल्यासारखं दुखलं, किंवा पायात मुंग्या येऊन त्या उतरल्यानंतरही राहिल्या, तर थांबून डॉक्टरांना दाखवावं. हृदयविकार, फेफरं, निखळलेला खांदा किंवा सरकलेली चकती असणाऱ्यांनी आधीच सल्ला घ्यावा. गुरं उतरतात अशा साचलेल्या पाण्यात अंगावर जखम असताना जाऊ नये. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगावं.